गॅसच्या पाईपला हात लावला की झिणझिण्या येतात, अर्थिंगची वायर जोडायची का?

जुळे_सोलापूरकर:
आमचं बैठं घर आहे, सिलेंडर मागं बाहेर ठेवलेत आणि तिथनं तांब्याची पाईप भिंतीला क्लिपा मारून ओट्यापर्यंत आणलीय. पंधरा दिवस झाले ओल्या हातानं पाईपला बोट लागलं की झिणझिण्या यायल्यात, परवा आईला तर चांगलाच झटका बसला. वायरमन म्हणतोय अर्थिंगची वायर आणून पाईपला गुंडाळतो, झालं काम. शेजारचे काका म्हणालेत गॅसच्या पाईपला वायर अजिबात लावू नका. कुणाचं ऐकू ओ?

जुना_वायरमन:
आधी किचनचा एमसीबी (बोर्डातला जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि सिलेंडरचा रेग्युलेटर बंद ठेवा, करंटचं लीकेज सापडेपर्यंत गॅस पेटवू नका. आता वायरीचं. काका म्हणतात ते वेगळ्या गोष्टीबद्दल खरं आहे, गॅसची पाईप हीच अर्थिंग म्हणून वापरायची नसते, म्हणजे गिझरची हिरवी वायर अर्थिंगच्या खड्ड्याला न नेता पाईपला बांधायची असलं काही चालत नाही. आयएस ३०४३ मधेपण, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकातपण, ते नाहीच चालत. पण घराच्या मेन अर्थिंगपासनं पाईपला वायर जोडणं म्हणजे बाँडिंग, त्यानं पाईप, नळ, फ्रीजची बॉडी सगळं एकाच पातळीवर राहतं आणि दोन्हीकडं हात लागला तरी झटका बसत नाही. फक्त गुंडाळून नाही, पाईप घासून साफ करून पक्का क्लँप पाहिजे. इंग्लंडमधे तर गॅसच्या मीटरपासून ६०० मिलिमीटरच्या आत, साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वायरीनं हे करतात. पण तुमच्याकडं करंट कुठनं यायलाय ते न शोधता वायर मारली तर तो करंट पाईपमधनंच वाहणार, आणि कुठं ढिला जॉइंट असला तर तिथं ठिणगी. त्यामुळं आधी शोधा. टेस्टर थोड्याशा करंटलापण पेटतो, मल्टिमीटरनं पाईप आणि सॉकेटच्या अर्थमधलं व्होल्टेज बघा आणि एकेक वस्तूचा प्लग काढत जा.

होटगीरोड_७:
एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, एवढ्याशा लीकेजला तो पडतच नाही, त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट लीक झाला तरी पडणारा स्विच, लागतो. आणि अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी भिजवला? उन्हाळ्यात माती वाळून भेगा पडतात, नळाला रोज पाणी नसतं तेव्हा खड्ड्यात कोण ओतणार, आमचा असाच कोरडा ठाक निघाला होता.

जुळे_सोलापूरकर:
सापडलं! चिमणी. सुताराने ट्रॉली करताना तिचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेंशनवर टाकला, म्हणजे अर्थ नव्हताच, आणि चिमणीची पट्टी पाईपच्या क्लिपला टेकलेली. प्लग काढला की मल्टिमीटरवर ९० व्होल्टचं शून्य झालं. चिमणी दुरुस्तीला टाकलीय, तीन पिनचं सॉकेट घेतलं, पाईप तिथं काळी पडलीय.

जुना_वायरमन:
काळी पडलेली पाईप बदलूनच घ्या. ठिणगीनं बारीक भोक पडलेलं डोळ्याला दिसत नाही. गॅस एजन्सीचा माणूस बोलवा, जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला सांगा, आणि मधेच वास आला तर कुठलंच बटन न दाबता बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. बाँडिंगची वायर त्यानंतर.