गाडी जितके किलोमीटर, तितका कर: ठाणे-नवी मुंबईकरांना चालेल का?

कासारवडवलीकर

गेल्या वर्षी पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली. घर कासारवडवलीला, नोकरी महापेला. कापूरबावडी, कळवा, विटावा, ऐरोली असं करत जाऊन-येऊन पन्नासेक किमी होतात. परवा सहज जुना हिशोब काढला. महिन्याला साधारण ११०० किमी, घोडबंदरच्या कोंडीत ॲव्हरेज जेमतेम १२. म्हणजे ९०-९२ लिटर. २०२५ च्या दराने केंद्राचं शुल्क आणि राज्याचा व्हॅट धरला तर लिटरमागे चाळीसच्या वर नुसता कर. महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त.

आता त्यातलं काही भरत नाही. नोंदणीच्या वेळी मोटार वाहन कर माफ होता. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला टोल नाही. पण रस्ता मी तेवढाच वापरतोय. बॅटरीमुळे गाडी जुन्या गाडीपेक्षा जडच आहे. खिशाला बरं वाटतं, पण हे फार दिवस चालायचं नाही, आणि चालू नये असं माझं मत.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलंय, एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलामागे ३ पेन्स. न्यूझीलंडमध्ये डिझेलवाले कित्येक वर्षं हजार-हजार किमीचे परवाने आगाऊ विकत घेतात, एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या. हजार किमीला ७६ डॉलर. आपल्याकडेही इंधनावरचा कर हळूहळू उतरवून किमीवर आणावा, वजनाप्रमाणे दर वेगळा ठेवावा. बोला.

तीनहातनाका

अहो, पेट्रोलवरचा कर म्हणजे किमीवरचाच कर की! जास्त चालवलं, जास्त भरलं. जड गाडी जास्त पिते, जास्त भरते. कोंडीत उभी राहिली तरी भरते. ना मीटर, ना ॲप, ना नोंदवही. पंपावर नळी लावली की वसुली झाली. इतकी सोपी वसुली सोडून सरकार प्रत्येकाच्या डॅशबोर्डमध्ये कशाला डोकावेल?

तुमच्यासारख्या इलेक्ट्रिकवाल्यांचा प्रश्न असेल तर तो तुमच्यापुरता सोडवा. वीजबिलात वीज शुल्क आहेच, चार्जिंगच्या वेगळ्या मीटरवर चार पैसे वाढवा. बाकी लाखो गाड्यांना का ओढता?

आणि "इंधनावरचा कर उतरवून" हे वाचून हसू आलं. कर उतरलेला मी पाहिलाय तो क्वचितच. जुलै २०२४ मध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा पेट्रोलवरचा व्हॅट २६ वरून २५ टक्के झाला. लिटरमागे ६५ पैसे. तोवर उरलेल्या राज्यापेक्षा आपण जास्त भरत होतो, आणि कुणाला पत्ताही नव्हता. नवा कर येईल, जुना राहील. लिहून ठेवा.

घणसोलीची

मी इलेक्ट्रिकवाल्या दादांच्या बाजूने आहे, पण किमी हे माप चुकतंय.

सकाळी पावणेनऊला विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली उभं राहून बघा. पाऊस झाला की तिथे पाणी भरतं आणि कळव्यापासून रांग लागते. त्या दोन किमीला मला कधी चाळीस मिनिटं लागतात. तीच मी रविवारी पहाटे पाम बीच रोडने बेलापूरला जाते, दहा-बारा किमी, पंधरा मिनिटांत, कुणाच्या वाटेत न येता. किमीच्या हिशोबात रविवारचा कर पाचपट. त्रास कुठल्या फेरीने दिला?

सिंगापूरमध्ये १९९८ पासून कमानीखालून जाताना पैसे कापतात, वेळ आणि जागा बघून. गर्दीत महाग, रिकाम्या रस्त्याला स्वस्त किंवा फुकट. कर लावायचाच असेल तर असा लावा.

कासारवडवलीकर

@तीनहातनाका, "तुमच्यापुरता" म्हणालात, पण इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत. शिवाय राज्याने एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणलाय. म्हणजे पंपावरची ही तुमची सोपी वसुली दोन्हीकडून गळतेय. शेवटी भार कुणावर? जुनी पेट्रोल स्कूटर चालवणाऱ्यावर.

@घणसोलीची, ताई, मुद्दा पटला. पण आपल्याकडे "जागा बघून" वसुलीचा अनुभव काय? आनंदनगरचा नाका. मुलुंडला सासुरवाडीला तीन किमी जायचं तरी ४५ रुपये आणि वसईहून येऊन चर्चगेटला जाणाऱ्यालाही दहिसरला ४५. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. किमीचा दर त्यापेक्षा न्याय्य नाही का?

उलवेकर

मी टुरिस्ट परमिटवर गाडी चालवतो. तुम्ही सगळे वर्षाला दहा-पंधरा हजार किमीवाले. माझी सत्तर हजारांच्या पुढे जाते. किमीला एक रुपया म्हणालात तरी सत्तर हजार. आणायचे कुठून?

ॲपवाली कंपनी गिऱ्हाईक बसल्यापासून उतरेपर्यंतचे पैसे देते. काल विमानतळावरून मुलुंडचं भाडं होतं. परतीचं मिळालं नाही. ऐरोलीला चहा घेत पाऊण तास थांबलो, मग रिकामी गाडी घेऊन घरी. मीटरचा आकडा जाताना फिरला तेवढाच येताना फिरला. त्या रिकाम्या फेरीचा कर मी कुणाकडून घेऊ?

बोनेटखाली

वसुली होणार कशी, ते कुणी बोलतच नाही. दोनच रस्ते. एक, गाडीचा मीटर वाचायचा. दोन, उपग्रहावरून गाडीवर नजर ठेवायची.

मीटरची गोष्ट ऐका. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड गाडी बघायला गेलो. चकाचक पॉलिश, मीटरवर ४२ हजार. विकणारा दुकानदार म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, फक्त क्लिनिकला जायची." मी बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यावर ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर, अर्धा फाटलेला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: पुढची सर्व्हिस ७८,०००. बोट ठेवून दाखवलं तर म्हणतो, दुसऱ्या गाडीचा चिकटला असेल! आज फक्त विकताना फायदा आहे तर लोक मीटर मागे घेतात. उद्या दर किमीला पैसे वाचणार असतील तर गल्लीगल्लीत लॅपटॉप घेऊन बसतील.

उपग्रहाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने तसा नियम केलाच आहे. तशी यंत्रणा बसवलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गावर रोज २० किमीपर्यंत फुकट, पुढे अंतराप्रमाणे. मग एप्रिल २०२५ मध्ये खुलासा आला की १ मेपासून देशभर ते लागू करण्याचा निर्णय झालेला नाही. मी कुठे, कधी, कुणाकडे गेलो याची वही सरकारकडे नको, एवढंच माझं म्हणणं.

कल्याणशीळ

ठाण्यात परवडलं असतं तर शीळच्या पुढे घर घेतलं असतं का? जितकं घर स्वस्त तितकं लांब, आणि आता जितकं लांब तितका कर. वा! हिरानंदानीतला मर्सिडीजवाला चार किमीवर ऑफिसला जातो, तो कमी भरणार.

तीनहातनाका

+१. हाच मुद्दा मला मांडायचा होता.

घणसोलीची

@कल्याणशीळ, राग समजतो. पण तुमच्याकडचे बहुतेक लोक गाडीने नाही, लोकलने जातात. दिव्याला लटकणाऱ्या माणसाकडे गाडीच नाही. त्याच्या नावाने गाडीवाल्यांची सूट मागू नये.

कल्याणशीळ

मीही लटकलोय ताई, सहा वर्षं. डोंबिवलीहून ठाणे, तिथे उतरून पूल चढायचा, ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, घणसोली, मग रिक्षा. तो ठाण्याचा बदल टाळायला कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होणार होता. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये उघडलं, कळव्याकडचा जोड राहिलाच. तो द्या, गाडी विकतो. कर आधी आणि रेल्वे नंतर, हे चालणार नाही.

कासारवडवलीकर

हे मान्य. वसूल झालेला पैसा तिथेच लागला पाहिजे, नाहीतर मीही विरोधात.

वजनाचा मुद्दा मात्र कुणी घेतला नाही. रस्ता झिजतो तो आसावर (ॲक्सलवर) पडणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घातात. भार दुप्पट तर झीज सोळापट. जेएनपीटी बंदराकडून घोडबंदरमार्गे गुजरातला जाणारा एक भरलेला कंटेनर आपल्या शेकडो गाड्यांपेक्षा जास्त रस्ता खातो. गायमुखच्या घाटातले खड्डे काही अल्टोने पाडलेले नाहीत. न्यूझीलंडमध्ये ट्रकचा दर वजन आणि आस मोजून ठरतो. सुरुवात तिथून करा, छोट्या गाड्यांचं नंतर बघू.

बोनेटखाली

म्हणजे पहिल्या पोस्टवरून तुम्ही बरेच मागे आलात. मीटर मागे घेतलात म्हणा ना :)

आणि परदेशाची उदाहरणं देताय तर हेही द्या: ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवर किमीचा कर लावला, दोन गाडीवाले कोर्टात गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कासारवडवलीकर

रद्द झाला तो राज्याला असा कर लावायचा अधिकार नाही म्हणून. किमी मोजणं चूक आहे असं कोर्ट म्हणालं नाही.

@उलवेकर, दादा, तुमच्या रिकाम्या फेरीला माझ्याकडे धड उत्तर नाही. पिवळ्या पाटीला यातून वगळावं म्हणतो, पण मग पांढऱ्या पाटीवाले पिवळी लावून सूट घेतील.

उलवेकर

पांढऱ्या पाटीवाले आजही विमानतळाबाहेर भाडं उचलतात. ते पिवळी लावून परमिट, फिटनेस, इन्शुरन्स भरायला लागले तर मला आनंदच आहे.

भाडं आलं, खारघर. जातो.