शार्त्र की रँस? एकच चर्च बघायचं आहे, गुडघा सांभाळून

मालवणची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. मुलगा पॅरिसला असतो, मे महिन्यात त्याच्याकडे चाललेय. हे येत नाहीत. आगोटीची, पावसाआधीची कामं कोण करणार, असं म्हणतात. असो. पॅरिसबाहेरचं एकच जुनं गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींचं, चर्च सावकाश बघायचं आहे, फोटो काढत धावायचं नाही. मुलाने दोन नावं दिलीत, शार्त्र आणि रँस. वय ६३, उजवा गुडघा कुरकुरतो. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण सगळा इथला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे फारशी गेले नाही. तिथे नेमकं काय बघायचं? आणि चपला काढाव्या लागतात का? हसू नका.

रत्नांग्रीकर
रँस. पॅरिसहून वेगवान गाडीने पाऊण तास. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथे व्हायचे. दाराशी एक हसरा देवदूत आहे. १९१४च्या तोफमाऱ्यात आग लागली तेव्हा त्याचं मुंडकं पडलं, नंतर परत बसवलं. आतल्या चित्रकार शागालच्या निळ्या खिडक्या १९७४च्या. इतिहासाच्या बाईंनी हेच बघावं.

पडाववाला
बाई, मी शार्त्रच सांगणार. मात्र कारण माझं घरचं आहे, तेव्हा तेवढं वजा करून वाचा.

आमचं घर विजयदुर्गच्या खाडीवर. बाबा होड्या बांधायचे. लहानपणी मी फळ्यांच्या सांध्यांत ठासायला तेलात भिजवलेला कापूस वळून द्यायचो. पुढे जहाजावर लागलो. एकदा ल हाव्र बंदरात साइन ऑफ झालो, म्हणजे बोटीवरची पाळी संपली, आणि पॅरिसहून विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. हातात एक दिवस. मोंपारनास स्टेशनवरून गाडी धरली, तासाभरात शार्त्र. गाव यायच्या आधीच शेतांवर दोन मनोरे दिसतात, एकमेकांशी न जुळणारे. दक्षिणेचा जुना आणि साधा, १०५ मीटर. उत्तरेचा ११३ मीटर आणि नक्षीने भरलेला, कारण १५०६मध्ये वीज पडून त्याचा लाकडी कळस गेला आणि नवा बांधताना काळ बदलला होता. आमच्याकडे आजोबांच्या घराला नातवाने गॅलरी काढावी, तसं.

आत गेलो आणि मान वर केली. छत ३७ मीटरवर, म्हणजे दोन उंच माड एकावर एक. त्याला दगडी बरगड्या आहेत. पावसाळ्याआधी होडी ओढून उपडी घातली की आम्ही पोरं तिच्याखाली शिरायचो. तेच दृश्य, फक्त दगडात. नंतर कळलं की या मधल्या भागाला फ्रेंचमध्ये 'नेफ' म्हणतात आणि तो शब्द लॅटिनमधल्या जहाजाच्या शब्दावरून आलाय. एवढ्या उंच भिंतींत एवढ्या खिडक्या कशा, तर बाहेरून कमानीचे धिरे दिलेत. छताचा रेटा धिरे जमिनीत नेतात, भिंत मोकळी राहते. आपल्या चिऱ्याच्या भिंतीला एवढी भोकं पाडलीत तर पहिल्याच आषाढात बसेल.

आता मुद्द्याचं. पश्चिमेच्या दारातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या भिंतीतली पहिली खिडकी बायबलमधल्या प्रलयाच्या गोष्टीतल्या नोहाची. त्यात नोहा तारू बांधतोय. आणि अगदी तळाला, माणसाच्या नजरेच्या जवळ, सुतार, चाकं करणारे आणि पिंपं करणारे आपापलं काम करताना दाखवलेत. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची काच! ११९४च्या आगीनंतर चर्च नव्याने उभं राहिलं, त्या वेळची. शेजारच्या खिडकीत दारूचे व्यापारी. त्यांचं चाललंय ते चाललंय. मी नोहासमोर तास काढला. आमच्या बाबांनी किती होड्या केल्या असतील, एकीवर त्यांचं नाव नाही. नाव मालकाच्या मुलीचं नाही तर देवीचं. आता खाडीत सगळ्या फायबरच्या.

वरचं लाकडी छप्पर मात्र १८३६च्या आगीत गेलं. आता लोखंडी सांगाडा आहे, त्यावर तांब्याचा पत्रा.

पुण्याहून_लियों
रत्नांग्रीकर, रँस छान आहेच, पण बाईंना 'सावकाश' हवंय. शार्त्रच्या दीडशेहून जास्त खिडक्यांपैकी बहुतेक जुन्याच काचा आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी त्या काढून सुरक्षित ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या. खिडकीतली गोष्ट बहुधा खालून वर वाचायची असते. दुर्बीण न्या. आत जायला पैसे नाहीत आणि चपला काढत नाहीत. मनोऱ्यावर चढायचा मोह टाळा, गुडघा शाप देईल. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, थोडा चढ आहे. मधल्या फरशीत जवळजवळ १३ मीटर रुंदीचा दगडी चक्रव्यूह आहे, पण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवारी त्या हटवतात. मी पहिल्यांदा मंगळवारी गेले आणि खुर्च्यांच्या पायांमधून रेघा बघत बसले. तुम्ही मेमध्ये जाताय, शुक्रवार धरा. वाट एकच आहे, चुकायची सोय नाही, पण सगळी चाललात तर पाव किलोमीटर भरते.

मालवणची_मास्तरीण
ठरलं, शार्त्र, शुक्रवारी. पाव किलोमीटर चालेन. बाजारात मासे आणायला याहून जास्त चालते. ह्यांची दुर्बीण नेते, बंदरावरच्या बोटी बघायला घेतलेली. मी विचारलं तर म्हणाले, "व्हर गो, पण फुटली तर माका सांगू नको."
पडाववाला, तुमच्यासाठी तिथून काही हवं का?

पडाववाला
फोटो. खालच्या सुतारांचा. माझा हलला होता. त्यांनी हत्यार कसं धरलंय, दांड्याला हात कुठे आहे, ते स्पष्ट दिसायला हवं. बाकी काही नको.