शाळांच्या लिनक्समध्ये टर्मिनलचा पहिला एडिटर कोणता? माझं मत नॅनो

मांजराकाठ (औसा)

आम्ही चार-पाच जण औसा तालुक्यातल्या शाळांच्या जुन्या संगणकांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवून द्यायलोय. डेस्कटॉप, मराठी फाँट, लिब्रेऑफिस सगळं ठरलं. घोडं अडलंय एकाच ठिकाणी. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एखाद्या आज्ञेनं आपणहून एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्राम) उघडला, तर तो कोणता असावा? गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) संदेश न देता कमिट केलं, म्हणजे बदल नोंदवला, किंवा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडला की जो समोर येतो, तो. त्या वेळी माणसानं काहीच निवडलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं, तिथं नॅनो हा सोपा एडिटर असू द्या आणि विम (जुन्या व्हीआय एडिटरचा सुधारित अवतार) शेजारी राहू द्या.

हे मत एका प्रसंगानं पक्कं झालं. मागच्या महिन्यात एका शाळेत, टर्मिनल उघडलं की वर दिसणारा स्वागताचा संदेश मराठीत करायचा होता. बाईंना मी सवयीनं व्हीआयमध्ये (आमच्याकडं त्या नावानं विमच उघडतो) फाइल उघडून दिली, लिहायच्या मोडमध्ये यायला आय दाबून दिलं आणि दुसऱ्या मशीनकडं गेलो. त्यांनी इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कळफलकाची रचना) दोन ओळी नीट टाइप केल्या. मग मी कागदावर लिहून दिल्याप्रमाणे एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर, म्हणजे जतन करून बाहेर. फाइल काही मिटेना. तीनदा केलं. कळफलक मराठीतच होता. कोलनच्या जागी छ जात होता, डब्ल्यूच्या जागी ऐकाराची मात्रा, क्यूच्या जागी औकाराची. यातली एकही आज्ञा विमला ठाऊक नाही. बाईंनी मला हाक मारली नाही, भिंतीवरचं बटन बंद केलं. नंतर हळूच विचारलं, "सर, मशीन बिघडली का हो माझ्याकडून?" त्या दिवशी मला फार लागलं.

बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर (तेव्हाचं पडदा-कळफलकाचं यंत्र). त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाणच छापलेले होते आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी, बोटाखाली होती. त्या कळफलकाला ती रचना शोभत होती. आमच्या शाळेतल्या कळफलकावर ती परकी आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून नॅनो पुढं केला. डेबियनच्या पर्यायांतही नॅनोचा अग्रक्रम ४० आणि पूर्ण विमचा ३०, मोठा आकडा आधी. आपण मुद्दाम उलटं कामून करायचं?

रूटवाला (नांदेड)

भाऊ, बाईंचं वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. ही पोरं उद्या पॉलिटेक्निकला जातील, कुणी नेटवर्कच्या कामाला लागेल. ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसाठीचं लिनक्स) राउटर घ्या किंवा अल्पाइनचा (अगदी छोटं लिनक्स) कंटेनर. तिथं मुळात नॅनो नसतो, बिझीबॉक्स या साधनसंचातला छोटा व्हीआय असतो. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकातही नाव व्हीआयचंच आहे. मागं एकदा रात्री दोनला एक सर्व्हर सुरू होईना. एफएसटॅबमधली (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ती यादी) एक ओळ चुकली होती, आणि हाताशी फक्त व्हीआय. येत होतं म्हणून दहा मिनिटांत निभावलं, नाहीतर सकाळपर्यंत सगळं ठप्प राहिलं असतं.

सोपं द्याल तर पोरं सोप्यातच राहतील. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावंच लागतं. आणि कळफलकाचा प्रश्न विममध्ये लँगमॅपनं (मराठी कळेला इंग्रजी कळ समजायला लावणारी सेटिंग) सुटतो, तो संचातच घालून द्या.

तेरणा (धाराशिव)

दादा, लँगमॅप मी लावून बघितलाय, म्हणून सांगते. तो नॉर्मल मोडच्या, म्हणजे आज्ञा देण्याच्या मोडच्या, कळांना लागू होतो, त्यामुळं छ चं कोलन होतं. पण कोलननंतर खालच्या ओळीत जे टाइप करायचं, तिथं तो चालत नाही. पुन्हा मात्राच उमटतात. म्हणजे बाई अर्ध्या रस्त्यात अडकणार.

विहिरीचं म्हणाल तर माझ्या वडिलांनी मला विहिरीतच शिकवलं, पण पहिले पंधरा दिवस कमरेला डबा बांधून. डबा सोडायचा दिवस आला तेव्हा मीच सोडला.

आणखी एक. मूळ संचात बहुतेक विम-टायनी (विमची छोटी आवृत्ती) असतो, आणि तो जुन्या व्हीआयच्या वळणानं चालतो. लिहिताना बाणाची कळ दाबली की कर्सर सरकायच्या ऐवजी ए, बी, सी, डी अक्षरं उमटतात. सातवीतल्या पोरीनं हे बघितलं की ती पुन्हा टर्मिनलला हात लावत नाही. विममधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न दहा लाखांवर वेळा बघितला गेल्याचं स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटनं २०१७ मध्येच सांगितलं होतं. ते तर प्रोग्रामर लोक.

रूटवाला (नांदेड)

ताई, डब्याचं मान्य. पण मग नॅनोही त्याच कळफलकावर तपासा की. कंट्रोल-एक्स दाबलं की तो विचारतो, बदल जतन करायचे का, आणि वाय मागतो. इनस्क्रिप्टवर वायच्या जागी ब येतो. बाई तिथंही अडकतील.

मांजराकाठ (औसा)

बरोबर पकडलंत. आज बसून बघितलं. मराठी कळफलक चालू असताना ब दाबला तर नॅनो नुसता थांबून राहतो. पण आधी कंट्रोल-एस दाबलं तर न विचारता जतन होतं, मग कंट्रोल-एक्सनं सरळ बाहेर. एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये, इंग्रजी कळफलकही यादीत असला की, हे दोन्ही मराठी चालू असताना चालतात. कागदावर आता हेच दोन लिहून देणार.

पूर्णा जंक्शन (परभणी)

सगळे कळांवर बोलायलेत, लाइटवर कुणीच नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि शाळेत यूपीएस असला तर बॅटरी मेलेली. विम दर २०० अक्षरांनी, किंवा ४ सेकंद हात थांबला की, लिहिलेलं स्वॅप फाइलमध्ये (शेजारची तात्पुरती फाइल) टाकतो. लाइट गेली तरी काम वाचतं. नॅनोमध्ये तसं काही नाही. जतन केलं नसेल तर गेलं. मराठवाड्यासाठी एडिटर निवडताना हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि मांजराभाऊ, बाईंनी बटन बंद केलं म्हणता ना? मग त्या दोन ओळी गेल्या नसतील. त्याच फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारी लपलेली स्वॅप फाइल बघा.

मोसंबी (जालना)

माझं मत दोन्हींच्या विरोधात. पोरांच्या बोटांत कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड आधीच बसलेलं आहे. तेच चालेल असं द्या. मायक्रो हा एडिटर आहे. मायक्रोसॉफ्टचा एडिट आहे, मे २०२५ मध्ये ओपन सोर्स झाला, रस्ट भाषेत लिहिलेला, २५० केबीच्या आत, मोड वगैरे भानगड नाही. आणि नॅनोच हवा असेल तर ८.० पासून त्यात आधुनिक कळांचा पर्याय आहे. ई अक्षरानं सुरू होणाऱ्या नावानं बोलावला की कंट्रोल-क्यूनं बाहेर, कंट्रोल-झेडनं मागं.

तेरणा (धाराशिव)

मोसंबीदादा, विचार चांगला आहे, पण पोरं अडली की नेटवर शोधतात. तिथं सगळीकडं जुन्या कळा: कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. तुमच्या आधुनिक नॅनोमध्ये कंट्रोल-ओ दुसरी फाइल उघडायला जातो आणि कंट्रोल-एक्स मजकूर कापतो. शोधून आणलेलं उत्तरच खोटं ठरलं तर पोरानं विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय डेबियन १२ मध्ये नॅनो ७.२ आहे. काही शाळांत १२, काही शाळांत १३, म्हणजे गावागणिक कळा वेगळ्या. साधा नॅनो सगळीकडं सारखा.

मांजराकाठ (औसा)

काल त्या शाळेत जाऊन आलो. पूर्णाभाऊ, तुमचं खरं निघालं. स्वॅप फाइल तिथंच होती. उघडताना विमनं इंग्रजीत पानभर इशारा दिला. तो बाईंनी एकट्यानं वाचला असता तर पुन्हा बटनच बंद केलं असतं. पण दोन्ही ओळी काना-मात्रेसकट परत आल्या. विमचे हे उपकार मी मानतो, आणि लाइटच्या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच की शाळेतल्या फाइली चार-सहा ओळींच्या असतात आणि कंट्रोल-एसची सवय लावता येते.

पहिला एडिटर नॅनोच ठेवतोय, साध्या कळांचा.

रूटवाला (नांदेड)

मी अजून विरोधातच आहे. पण ठेवणारच असाल तर एक करा. विम-टायनी काढून पूर्ण विम घाला. टायनीबरोबर विमट्यूटर येत नाही. अर्ध्या तासाचा धडा आहे. नववीच्या पोरांना शनिवारी एकदा बसवा. त्यासाठी मी नांदेडहून यायला तयार आहे, गाडीभाडंही नको.

मांजराकाठ (औसा)

पूर्ण विम घातला. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेसातला पोहोचा. बाईंनी त्या दोन ओळींत काल तिसरी घातली, स्वतः नॅनोमध्ये, कळफलक मराठीतच ठेवून.