मदत हवी आहे: पिनबॉल मशिनला बाहेरचे दिवे लावले, आता वॉरंटी गेली म्हणतात

नमस्कार मंडळी,

देवबागला आमचं छोटं होमस्टे आहे. मागच्या डिसेंबरात मुंबईच्या एका विक्रेत्याकडून नवंकोरं अमेरिकी पिनबॉल मशिन घेतलं. किंमत विचारू नका, घरातही अजून खरी सांगितलेली नाही. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, पाहुणे ओसरीवर बसून मोबाईल चोळत राहतात, म्हणून ही कल्पना सुचली. आई म्हणाली होती, "ह्या खेळूक कोण येतलो?" येतात. मुलांपेक्षा त्यांचे बापच जास्त खेळतात.

गणपतीच्या आधी मी एक आगाऊपणा केला. ऑनलाइन एक रंगीत दिव्यांचं किट मागवलं. मशिनच्या कंपनीचं नाही, भलत्याच कोणाचं तरी. वाडीतल्या वायरिंग करणाऱ्या पोराला बोलावलं. त्याने काच काढली, प्लेफील्ड (काचेखालची खेळायची फळी) उचलून टेकवलं, खालच्या एका दिव्याची वायर सोलून त्यात किटची वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. "काकानू, काय होऊचा नाय." रात्री मशिन असं काही दिसायला लागलं की शेजारचे बघायला आले.

तीन आठवड्यांनी उजवा फ्लिपर, म्हणजे बॉल परत वर मारणारी दांडी, मेला. बटण दाबा, काही नाही. डावा ठणठणीत, दिवे सगळे चालू, नवेही आणि जुनेही. बॉल उजवीकडे आला की गेलाच.

विक्रेत्याच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर आतलं दाखवलं. फ्लिपर राहिला बाजूला, त्याची नजर थेट टेपवर. दुसऱ्या दिवशी मेसेज: मशिनमध्ये बाहेरचे बदल केल्याने संपूर्ण वॉरंटी रद्द. वर्ष भरायला अजून दोन महिने आहेत.

असं एका टेपच्या तुकड्यावरून सगळीच वॉरंटी जाते का? किट काढून टाकून पुन्हा तक्रार करावी का? (मनात आलं, लपवत नाही.) जाणकारांनी सांगावं. दिवाळीची बुकिंगं लागली आहेत.

खाडीकाठ: किट अजिबात काढू नका. त्यांनी बघितलेलं आहे, आता काढलंत तर तुम्हीच खोटे ठराल. वॉरंटी कार्डावर बदलांबद्दल नेमकं काय लिहिलंय? शब्दन् शब्द हवा.

धागाकर्ता: कार्ड इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचं तर, "अनधिकृत बदलांमुळे उद्भवलेला बिघाड या वॉरंटीत येत नाही."

खाडीकाठ: मग तुमचं सगळं भांडण त्या "मुळे"त आहे. "बदल केल्यास वॉरंटी रद्द" असं कार्ड म्हणत नाही. बदलामुळे जे बिघडलं तेवढंच वगळलंय. उद्या स्पीकर गेला तर त्याचा तुमच्या दिव्यांशी काय संबंध? त्यांना लेखी विचारा, कोणता भाग गेलाय आणि तो किटमुळे गेला हे कशावरून. मेसेजवर नको, मेल करा.

अमेरिकेत यावर १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्या कारणावरून तिथे कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टनेच नुकसान झालं हे तिने दाखवावं लागतं. २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने "स्टिकर फाडलात तर वॉरंटी गेली" छापाच्या अटींवरून सहा कंपन्यांना तंबीची पत्रंही पाठवली होती. तो कायदा देवबागात चालणार नाही, पण मशिन तिकडचं आहे, मेलमध्ये एक ओळ घालायला हरकत नाही.

रिकामटेकडा: मशिन विका, कॅरम घ्या. पावडर सोडून कसलीच वॉरंटी लागत नाही.

जुना पाना: मी मुंबईत पार्लरची मशिनं दुरुस्त करायचो, म्हणून बोलतो. फ्लिपरच्या कॉइलला (त्याला झटका देणारं तारेचं वेटोळं) बऱ्याच मशिनांत ५० व्होल्टच्या आसपास करंट जातो. दिव्यांची लाइन वेगळी, ५-६ व्होल्टची. टेपखाली शॉर्ट झाला असता तर आधी त्या लाइनचे दिवे गेले असते. तुमचे सगळे दिवे जळतायत आणि एकच फ्लिपर मेलाय, म्हणजे मला किटवर फारसा संशय नाही. पण सोललेली वायर उचललेल्या प्लेफील्डवरून घसरून कॉइलच्या टोकाला टेकली असेल तर बोर्डावरचा ट्रान्झिस्टर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) उडू शकतो, तेव्हा शंभर टक्के कोणी सांगू नये.

प्लग काढा. बंद करून चालणार नाही, भिंतीतून काढा. मग उजव्या कॉइलच्या पत्र्याच्या टोकांना आलेल्या वायरी नुसत्या डोळ्यांनी बघा. फ्लिपर दिवसभर दणके देतो, त्या हादऱ्यांनी तिथला सोल्डर सुटणं हा नेहमीचा आजार आहे.

आणि बॉल बघा. २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा पोलादी गोळा असतो. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात आणि मग तो सँडपेपरसारखा प्लेफील्ड घासत सुटतो. त्याला कोणी वॉरंटी देत नाही. बॉल बदलत चला.

आडवाटेची वकील: एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा "ग्राहक" धरला जात नाही. तुमचं मशिन होमस्टेत आहे, विक्रेता पहिला हाच मुद्दा काढेल. मात्र फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. होमस्टे घरच्याच माणसांनी चालवता का? पगारी किती? बिल कोणाच्या नावावर? खेळायचे पैसे घेता का? या उत्तरांवर बरंच अवलंबून आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते, तुमच्यासाठी ओरोसला. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे घाई नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच समोरचा फोन उचलायला लागतो.

धागाकर्ता: मी, बायको आणि आई. पगारी कोणी नाही, खेळायचे पैसे घेत नाही. बिल माझ्या नावावर.

जुना पाना, तुमच्या तोंडात साखर पडो! प्लग काढून बघितलं. उजव्या कॉइलची एक वायर टोकापासून सुटून लोंबतेय. ट्रान्झिस्टर वगैरे दूरच, पाच मिनिटांचं सोल्डरचं काम.

पण आता नवीनच किडा डोक्यात शिरलाय. सुटलेली वायर टेपपासून जेमतेम वीतभर लांब आहे. हादऱ्यांनी सुटली, की पोराचा हात लागून? तो म्हणतो, "मी थंय हातच लावूक नाय." आई म्हणते, मशिनीक हात लावूक तुका कोणी सांगितल्यान? सोल्डरिंग आयर्न घरात आहे. लावू का?

जुना पाना: नको! लावलंत की पुरावा गेला आणि वर दुसरा "बदल" झाला. आधी फोटो, मग मेल. त्यांनी लेखी "तुम्हीच जोडा" म्हटलं तर जोडा. तुटलेलं टोक जवळून घ्या, हादऱ्याने सुटलेला सोल्डर आणि ओढून तुटलेली तार वेगळी दिसते.

आडवाटेची वकील: फोटो लांबूनही घ्या. टेप कापून टाकू नका.

धागाकर्ता: मेल गेला. सहा फोटो लावलेत, दोन अगदी जवळून. चौथ्यात टेपही पूर्ण दिसतेय.