मदत हवी आहे: व्हिडिओ बघताना कळतं, स्वतः लिहिताना अडतं (पायथन)

कोरीफाइल
नमस्कार मंडळी. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. व्हिडिओ बघताना सगळं डोक्यात शिरतं, रिकामी फाइल उघडली की काही सुचत नाही. आधी सिंटॅक्स (भाषा लिहिण्याचे नियम) पाठ करून टाकावा का? गणित यथातथाच आहे, ते आड येईल का? आणि एआय कोड लिहून देतंच, तर हाताने लिहिण्यात अर्थ आहे का?

सध्या अडलंय ते असं: यादीतल्या सम संख्या काढायच्या आहेत. यादीवर फॉर लूप फिरवतो (एकेक संख्या क्रमाने घेतो), संख्या सम निघाली की त्याच यादीवर रिमूव्ह, म्हणजे ती काढून टाकतो. [१, २, ३, ४] दिलं की [१, ३] येतं, बरोबर. [२, ४, ६, ७] दिलं की [४, ७]. एरर काहीच नाही. पायथनमध्येच बग आहे का?

अर्धविराम
पायथन निर्दोष आहे, निदान या खटल्यात तरी. कागदावर दोन रकाने आखा: क्रमांक आणि त्या क्षणीची यादी. लूप आतून ०, १, २ असे क्रमांक धरून चालतो. क्रमांक ० वर २ सापडला, काढला, यादी उरली [४, ६, ७]. ४ सरकून ० वर आला, पण लूप १ वर गेला आणि तिथे आता ६ आहे. ४ कडे कुणी पाहिलंच नाही. ६ गेला, उरलं [४, ७]. क्रमांक २ वर काही नाही, खेळ संपला.

गंमत म्हणजे [१, २, ३, ४] मध्येही हीच उडी पडली होती. २ काढल्यावर ३ न तपासताच सुटला. तो विषम होता म्हणून उत्तर जमलं. ‘चाललं म्हणजे बरोबर’ हा या क्षेत्रातला सगळ्यात महागडा गैरसमज.

उपाय: ज्यावरून फिरताय ती यादी बदलू नका. रिकामी नवी यादी घ्या आणि ठेवायच्या संख्या तिच्यात अपेंड करत (शेवटी जोडत) जा. जावा या दुसऱ्या भाषेत अ‍ॅरेलिस्टवर (तिथल्या यादीवर) असंच केलं तर बहुतेक वेळा एक्सेप्शन, म्हणजे एरर, येऊन प्रोग्राम थांबतो. नवख्यांना एररची धास्ती असते, पण एरर न येता चुकीचं उत्तर मिळणं त्याहून वाईट.

ओळ_बाय_ओळ
+१. सिंटॅक्स पाठ करू नका. अनुभवी लोकही डॉक्युमेंटेशन उघडं ठेवूनच लिहितात. इफ, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी हाताखालून गेले की आपोआप बसतात.

कोऱ्या फाइलसाठी: व्हिडिओ बंद करा. आधी मराठीतच चार-पाच कॉमेंट (पायथन चालवत नाही अशा टिपा) लिहा, ‘यादी घे’, ‘एकेक संख्या तपास’ वगैरे. मग एका कॉमेंटखाली एक-दोन ओळी कोड, लगेच प्रिंट करून रन. पन्नास ओळी लिहून एकदम रन केलं तर चूक कुठली हे शोधण्यातच दिवस जातो. एरर आली तर शेवटची ओळ आधी वाचा, तिथे चुकीचा प्रकार असतो. मग वर जात तुमच्या फाइलचा ओळ क्रमांक शोधा. सिंटॅक्स एररमध्ये दाखवलेली ओळ ठीक दिसली तर आदल्या ओळीत कंस उघडा राहिलाय का पाहा.

नोकरीत कोरी फाइल तशी क्वचितच वाट्याला येते. बराच वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात आणि बदलण्यात जातो. त्यामुळे वाचायचा सराव आत्तापासून करा.

शेष_शून्य
गणिताचं: रोजच्या कामाला बेरीज-वजाबाकी, भागाकारातली बाकी आणि ‘आणि, किंवा, नाही’चं तर्कशास्त्र पुरतं. ग्राफिक्स किंवा मशीन लर्निंगकडे वळलात तर रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र लागेलच. एक मात्र ठाऊक असू द्या: ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमका मावत नाही. पैशांच्या हिशेबाला फ्लोट (अशा साध्या दशांश संख्या) वापरू नका, त्यासाठी पायथनचं डेसिमल मॉड्यूल आहे.

एआयला खुशाल विचारा, पण तपासणी तुमची. या प्रश्नाला किमान रिकामी यादी, सगळ्या सम, एकही सम नाही, शेजारी-शेजारी सम आणि तीच संख्या दोनदा, एवढं घालून बघा. अपेक्षित उत्तर रन करण्याआधी लिहा. नंतर लिहिलं की जे आलं तेच बरोबर वाटायला लागतं.

कोरीफाइल
नवी यादी करून जमलं, आभार! पण तोच कोड फंक्शनमध्ये (नाव देऊन हवा तेव्हा बोलावता येणाऱ्या तुकड्यात) टाकला, आत शेवटी ‘यादी = नवी’ लिहिलं, तरी बाहेर जुनीच यादी दिसते?

अर्धविराम
‘यादी = नवी’ने फक्त फंक्शनच्या आतलं नाव नव्या यादीला चिकटलं; बाहेरचं नाव जुन्या यादीवरच आहे. शेवटी नवी रिटर्न करा (परत पाठवा) आणि फंक्शन बोलावताना ती व्हेरिएबलमध्ये (एखाद्या नावात) झेला. ‘यादी[:] = नवी’ लिहिलंत तर मूळ यादीच आतून बदलेल, पण मग ती वापरणाऱ्या बाकीच्या कोडलाही बदललेली दिसेल. तसं मुद्दाम हवं नसेल तर रिटर्नच बरं.