म्हापसा ते वेर्णा रोजची ये-जा: गाडी लीजवर घेऊ की सरळ विकत?

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. राहायला म्हापशाला, नोकरी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. एका बाजूने साधारण ३५ किमी, म्हणजे महिन्याला १७००-१८०० किमी कुठे जात नाहीत. इतकी वर्षं स्कूटरवर काढली पण गेल्या पावसात पर्वरीला शेजारून बस गेली आणि लाल पाण्याची अशी काय आंघोळ घातली की गेटवरच्या सिक्युरिटीने मला आयकार्ड मागितलं, रोज हात दाखवणारा माणूस! बायको म्हणाली बस झालं आता. वर पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूवरून दुचाकी सोडत नाहीत त्यामुळे आपण खालच्या पुलावरच्या गर्दीत. कंपनीची बस आहे पण ती शिफ्टवाल्यांच्या टायमाला, मला सुटायला कधी सात कधी साडेसात.

आता गाडीचं. छोटी पेट्रोल हॅचबॅक, ऑन रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून, ७ लाख. दीड लाख भरले तर साडेपाच लाखाचं लोन, ९ टक्क्याने ५ वर्षं, हप्ता ११,४०० च्या आसपास. तीच गाडी लीजवर, म्हणजे भाड्याने, महिना १७,५००, तीन वर्षं, मग परत द्यायची. त्यात इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, रोड टॅक्स सगळं आलं, डाउनपेमेंट नाही, थोडं डिपॉझिट फक्त. मला मोह होतोय कारण दीड लाख हातात राहतील आणि वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पण डोक्यावर आहे. मेव्हणा म्हणतो लीज म्हणजे भाड्याच्या खोलीला स्वतःच्या पैशाने रंग काढणं. कोणी घेतलीये का लीजवर? खरं काय ते सांगा.

रोजचीवारी
१७,५०० मध्ये किलोमीटर किती दिलेत ते लिहिलंच नाहीस रे, सगळी मेख तिथेच असते. बहुतेक प्लॅनला महिन्याची नाहीतर वर्षाची मर्यादा असते, त्यावर गेलास की प्रत्येक किमीला जास्तीचे पैसे. समज १५०० ची मर्यादा आहे आणि वर ८ रुपये. तुझं नुसतं ऑफिसच १७५०, म्हणजे गाडी घेऊन कुठे देवळात सुद्धा न जाता महिन्याला २००० वाढले. चवथीला गावी, मंगेशीला, पाहुण्यांना दाबोळी विमानतळावर सोडायला आणि बायकोच्या माहेरी, ते वेगळंच. रविवारी फिरायला निघाल्यावर मीटरकडे बघत गाडी चालवायची असेल तर घे बाबा.

आकडेमोड
मेव्हण्याचं सोडा, हिशोब करूया.

लीज: १७,५०० गुणिले ३६ म्हणजे ६ लाख ३० हजार. शेवटी हातात काय, तर डिपॉझिट परत, तेही कापून नाही घेतलं तर.

विकत: दीड लाख + ३६ हप्ते मिळून ५ लाख ६० हजार. पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स ऑन रोडमध्येच आला, नवीन गाडीला थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) तर तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. पुढच्या दोन वर्षांचा बाकीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग, मी ६० हजार धरतो. झाले ६ लाख २०. आता तीन वर्षांनी गाडी विकलीस, ६३ हजार किमी चाललेली, समजा ४ लाख आले. लोन तेव्हा अडीच लाख बाकी असेल, ते फेडून दीड लाख तुझे. म्हणजे खरा खर्च ४ लाख ७० हजार. दीड लाखाच्या वर फरक पडतो, आणि हे मी टायर न धरता, पण लीजमध्ये तरी टायर धरलेत का ते कुठे माहितीये. विचार त्यांना.

अजून एक, लीजच्या भाड्यावर पण जीएसटी लागतो, गाडीला जो दर तोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा १८ टक्के झालाय, आधी २८ आणि वर सेस होता. कोटेशन जुनं तर नाही ना ते तारीख बघून घे, माझ्या ओळखीच्या एकाला जुनाच कागद पुढे केला होता.

काळीपाटी
मी घेतली होती, दोन वर्षं वापरली. नाव घेत नाही कंपनीचं. गाडी मस्त, हप्ता सोडला तर डोक्याला ताप नाही, सर्व्हिसिंगला घरून घेऊन जायचे. पण दोन गोष्टी.

एक, माझ्या प्लॅनला काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे आपल्याकडे पर्यटकांना चालवायला भाड्याने देतात त्या रेंट-अ-कॅबसारखीच. कळंगुटला गेलो की पोलीस हात दाखवणारच, मी खिडकी खाली करून कोंकणीत बोललो की तो हसायचा आणि जा म्हणायचा. मजा होती, पण बायकोला नाही आवडायचं. पांढरी पाटी मिळते का ते आधी विचारा, काही ठिकाणी मिळते.

दुसरं, परत देताना. घरासमोर माड आहे, एका दुपारी वरून नारळ आला तो बॉनेटवर. खळगा केवढा, वाटीएवढा. मी म्हटलं इन्शुरन्स आहेच ना, तर क्लेममध्ये ठरावीक रक्कम माझी. ती भरली. मग शेवटी गाडी घ्यायला माणूस आला, टॉर्च घेऊन खाली वाकून अर्धा तास, दारावर चिऱ्याच्या कुंपणाचे ओरखडे, बंपरच्या खाली घासलेलं, चारही चाकांच्या कडा, सगळे फोटो. डिपॉझिटमधले ११ हजार गेले. आमच्या वाड्यातल्या रस्त्यावर समोरून टेम्पो आला की कुंपणाला घासल्याशिवाय गाडी जातच नाही, त्याला कोण काय करणार. त्यांच्या भाषेत 'नेहमीची झीज' म्हणजे काय ते सही करायच्या आधी कागदावर लिहून घ्या.

पगारातूनकट
वरचे सगळे बरोबर आहेत पण एक लीज वेगळी असते, ती कंपनीतर्फेची. एचआरला विचार. त्यात भाडं पगारातून टॅक्सच्या आधी कापतात आणि तुझ्या उत्पन्नात गाडीची एक ठरलेली ठोक रक्कम धरतात, १६०० सीसीच्या आत असली तर कमी. ३० टक्क्याच्या स्लॅबमध्ये असशील तर आकडेमोड भाऊंचा हिशोब उलटा पण होऊ शकतो. खाली असशील तर विशेष काही नाही. आणि मध्येच नोकरी सोडलीस तर गाडी सोडवायचे पैसे तुझ्याच गळ्यात. माझ्या शेजारच्या टेबलवाल्याला पुण्याची ऑफर आली होती, तो आकडा बघून दोन महिने थांबला बिचारा.

रोजचीवारी
तिसरा रस्ता कोणी बोललंच नाही. तीन-चार वर्षं जुनी घे ना! पहिला मोठा घसारा, म्हणजे किमतीतली घट, दुसऱ्याने सोसलेला असतो. फक्त किनाऱ्याजवळची गाडी असेल तर खालून बघायची, खारी हवा सायलेन्सर आणि दाराच्या खालच्या पट्टीला खाते, वरून पॉलिश मारलेली चकाचक. गालिचा उचलून बोट फिरव, ओल लागली तर निघून ये. आणि स्वस्त मिळते म्हणून सावंतवाडीहून एमएच ०७ आणू नकोस, १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवलीस की नंबर बदलून घ्यावा लागतो, एनओसी, इथला टॅक्स, आरटीओच्या फेऱ्या.

म्हापशेकर
सगळ्यांचे आभार. आज त्यांना फोन करून विचारलं, १७,५०० मध्ये महिना १२०० किमी आहेत. बाराशे! आणि टायर नाहीत त्यात. वरचे किती घेणार विचारलं तर "सर, ॲग्रीमेंटमध्ये असतं" म्हणाला. एचआरवाल्या मॅडम म्हणाल्या कंपनी लीज फक्त मॅनेजरपासून वर. म्हणजे तो विषय संपला.

आता वडिलांचं ऑपरेशन आधी उरकतो आणि जुनी बघतो, साडेतीन-चार लाखाच्या आत. पेडण्याला एक आहे, २०२१ ची, पहिला मालक, ३८ हजार किमी. रविवारी सकाळी बघायला जातोय. रोजचीवारी, येतोस का रे बरोबर, मला खालचा गंज काय कळत नाही. पातळभाजी-पाव आणि चहा माझ्याकडून.

रोजचीवारी
येतो. आठला म्हापशाच्या कदंबा स्टँडवर. टॉर्च आण, आणि जुने कपडे घाल, खाली झोपावं लागेल.