लष्करी वैमानिक आता शाळेत शिक्षक : पहिल्या वर्षात घरच्यांनी कशी साथ द्यावी?

प्रश्न

माझे पती 21 वर्षे लष्करी वैमानिक होते. आधी लढाऊ विमानांवर आणि शेवटची काही वर्षे प्रशिक्षक म्हणून. निवृत्तीनंतर नागरी विमान कंपनीत न जाता त्यांनी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि गेल्या वर्षापासून ते एका माध्यमिक शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवतात. हा निर्णय आम्हा सर्वांना मनापासून पटलेला होता, तरीही हे वर्ष घराला फार जड गेले.

ते उड्डाणावर असत तेव्हा परतल्याचा निरोप येईपर्यंत माझे अर्धे लक्ष घड्याळाकडे असे. ती धास्ती संपली, याचे मोल मी जाणते. पण तेव्हा ते घरी आले की खरोखर घरी असत आणि आता संध्याकाळभर मनाने वर्गातच असतात. मागच्या बाकावरची मुले मुद्दाम पुटपुटत उत्तरे देतात असे त्यांना वाटते आणि त्यावरून दोनदा त्यांचा आवाज चढला. हवेत इंजिनाने दगा दिला तेव्हाही ज्यांचा स्वर हलला नव्हता, असे त्यांचे सहकारी सांगतात, ते तेरा वर्षांच्या मुलावर ओरडले, याचे दुःख सर्वांत जास्त त्यांनाच आहे. आमचा मुलगा त्यांच्याच वर्गात शिकतो. शाळेत तो त्यांना 'सर' म्हणतो, ते ठीकच. पण अलीकडे तो घरीही 'बाबा' म्हणायचे टाळतो.

या वाटेने गेलेल्या कुणाचा किंवा त्यांच्या घरच्यांचा अनुभव असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1 (माजी हेलिकॉप्टर वैमानिक, आता शिक्षक)

ताई, मला शिकवू लागून अकरा वर्षे झाली आणि माझे पहिले वर्ष तुमच्या यजमानांच्या वर्षापेक्षा निराळे नव्हते. आपण प्रशिक्षक होतो, म्हणजे शिकवणे आपल्याला येते, हा माझा मोठा गैरसमज होता. उड्डाण शिकायला आलेला तरुण कितीतरी चाळण्यांतून निवडलेला असतो आणि उडण्याची ओढ तो घरूनच घेऊन आलेला असतो. शाळेतल्या मुलाने ना तो वर्ग निवडलेला असतो, ना तो विषय. ती ओढ निर्माण करणे हेच तिथे निम्मे काम आहे आणि ते मला कुणी कधी शिकवले नव्हते.

दुसरी चूक शांततेविषयीची. रेडिओवर नियंत्रण कक्षाने उंची किंवा दिशा सांगितली, की वैमानिक ती पुन्हा म्हणून दाखवतो. याला आम्ही रीडबॅक म्हणतो आणि तो आल्याशिवाय सूचना पोहोचली असे कुणी धरत नाही. वर्गात मात्र मुले गप्प बसली, म्हणजे त्यांना समजले, असे मी महिनोन्‌महिने धरून चाललो होतो. आता प्रत्येक कल्पनेनंतर मी दोघातिघांना ती त्यांच्या शब्दांत सांगायला लावतो आणि जे परत येते ते ऐकून बहुतेक वेळा मलाच माझे वाक्य बदलावे लागते.

आमच्या व्यवसायातली सर्वांत मौल्यवान सवय म्हणजे डीब्रीफिंग. सॉर्टी, म्हणजे एकेक उड्डाण, संपल्यावर हुद्दा दाराबाहेर ठेवायचा, ज्येष्ठाने आधी स्वतःच्या चुका मांडायच्या आणि मग इतरांनी बोलायचे. आठवड्याच्या शेवटच्या तासातली दहा मिनिटे मी यासाठी राखली. पहिल्याच वेळी एका मुलीने सांगितले, "सर, तुम्ही सगळे फळ्याशी बोलता." ती बरोबर होती. तुमच्या यजमानांनी चढलेल्या आवाजाबद्दल त्या मुलापाशी, ओरडले होते तसेच सर्वांसमक्ष, चुकलो म्हणून सांगितले, तर त्यांचा मान कमी होणार नाही, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

शिवाय त्यांच्यापाशी शिकवण्याजोगे किती आहे! आमचा साठास एकचा नियम घ्या : दिशा 1 अंशाने चुकली, तर 60 मैलांनंतर विमान सुमारे 1 मैल बाजूला पडते. असे का, हे मी मुलांनाच काढायला लावतो. 60 मैल त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे 377 मैल. त्याला 360 ने भागले की उत्तर हाती येते आणि 2πr या सूत्राला एकदम अर्थ येतो. गणितात चिन्ह विसरणाऱ्या मुलांना मी 30 ऑक्टोबर 1935 ची घटना सांगतो. अमेरिकेतील राइट फील्डवर बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान, मॉडेल 299, उडाल्यावर लगेचच कोसळले, कारण जमिनीवर उभे असताना वाऱ्याने नियंत्रण-पृष्ठे, म्हणजे विमान वळवणारे-उचलणारे हलते भाग, हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. चालवणारे कमालीचे अनुभवी होते. 'वैमानिकांनी अधिक लक्ष द्यावे' एवढे सांगून तेव्हा कुणी थांबले नाही, तर उड्डाणापूर्वीची चेकलिस्ट रूढ झाली. ही गोष्ट सांगू लागल्यापासून मी कोणत्याही मुलाला निष्काळजी म्हटलेले नाही. आम्ही त्याच्यासाठी चार ओळींची चेकलिस्ट तयार करतो.

प्रतिसाद 2 (श्रवणतज्ज्ञ)

मुले पुटपुटतात हे वाक्य वाचून मी थांबले. विमानांच्या सान्निध्यात अनेक वर्षे काढलेल्या व्यक्तीने हे म्हटले, तर आधी कान तपासावेत. मोठ्या आवाजामुळे होणारी श्रवणहानी सहसा 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होते. स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी उंच कंपनांवर अवलंबून असते, तर स्वर त्यापेक्षा खालच्या पट्ट्यात असतात. त्यामुळे अशा व्यक्तीला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही, आणि समोरचा अस्पष्ट बोलतो असे तिला प्रामाणिकपणे वाटते. शांत खोलीत दोघांच्या संभाषणात हे जाणवतही नाही. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात, पंख्याच्या आणि बाके सरकण्याच्या आवाजात ते लगेच उघडे पडते. दिवसभर अंदाजाने ऐकत राहण्याचा थकवाही फार असतो आणि संध्याकाळच्या अबोलपणामागे तो असू शकतो.

उड्डाणासाठीच्या वैद्यकीय तपासणीत ते पात्र ठरत होते, एवढ्यावर विसंबू नये. श्रवणालेख काढून घ्यावा आणि गोंगाटात बोलणे किती समजते याची वेगळी चाचणी मागावी. तोवर त्यांनी उत्तर देणाऱ्या मुलाजवळ चालत जावे आणि त्याचा चेहरा दिसेल असे उभे राहावे. ही झालेली हानी भरून येत नाही, पण श्रवणयंत्राने वर्गातले ऐकणे बरेच सुसह्य होते.

प्रतिसाद 3 (वैमानिक-शिक्षकाची मुलगी)

काकू, मी तुमच्या मुलाच्या जागी होते. वडिलांच्या बदल्यांमुळे माझ्या सहा शाळा झाल्या आणि सातव्या शाळेत ते स्वतःच शिक्षक म्हणून आले. मैत्रिणींनी त्यांची नक्कल केली की मला हसताही येत नसे आणि रागावताही येत नसे. त्याहून जास्त सलायची ती दुसरी गोष्ट. माझ्या लहानपणी ते नेहमी कुठेतरी दूर होते. आता वेळ मिळाला, तर तो इतरांच्या मुलांना मिळत होता. हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. आईने ओळखले. तिने दोन गोष्टी ठरवून घेतल्या : माझी उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकांनी तपासायची, आणि घरी माझ्या वर्गाचा विषय मी काढला तरच निघायचा. तुमचा मुलगा 'बाबा' म्हणत नाही याचे कारण त्याला विचारू नका. त्या दोघांना शाळेशी संबंध नसलेले एखादे काम सोबत करू द्या. आम्ही दोघांनी एक जुनी सायकल पूर्ण खोलून पुन्हा जोडली होती.

एक गोष्ट तुमच्यासाठी. निवृत्तीनंतर वडिलांची स्क्वाड्रन सुटली, हे सगळ्यांना दिसले; आईचीही सुटली, हे आम्हाला फार उशिरा कळले. उड्डाण लांबले की जिच्या घरी जाऊन बसता येत असे, अशी शेजारीण नव्या वस्तीत तिला मिळाली नाही. तुम्ही सर्वांविषयी लिहिलेत, स्वतःविषयी मात्र फक्त घड्याळाचे एक वाक्य लिहिलेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद मी ह्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी स्वतःच श्रवणचाचणीची वेळ घेतली. तिसऱ्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मी त्यांना वाचून दाखवू शकले नाही, म्हणून फोन त्यांच्या हातात दिला.